उपदेशक कुणाकडे उतरलेत?

लूमच्या कारखान्यात तुम्ही कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात कापसाचं तूस साचतंच. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, ते आपलं उडत येतं आणि बसतं. आमच्या मंडळीचे किस्से असेच साचत गेले. चार माणसं चहाला जमली की कुणीतरी म्हणतं, "तो शनिवारवाला आठवतो का गं?" की झालं! दुसरा तेलवाल्यावर घसरतो, तिसरी स्कायलॅबवर, आणि कपातला चहा गार होऊन जातो.

मंडळी म्हणजे आमची भिवंडीतली ख्रिस्ती मंडळी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मूठभर घरं आमची, बरीचशी नगरकडून लूमच्या कामाला आलेली. आमचे दानियल जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम खोलून नीट करणारे. मी घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. सीलास मास्तर शाळेत शिकवायचे आणि मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे, तेही तेच. चर्चची इमारत कुठली असायला! हाजीसाहेबांच्या कारखान्यातली कापडाच्या घड्या घालायची खोली, तेच आमचं चर्च.

आणि उपासना शुक्रवारी! कारण वीज मंडळानं कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी ठरवून दिलेली. रविवारी सगळे पुरुष शिफ्टवर, उपासनेला बायका आणि लेकरंच उरायची. मास्तरांनी हाजीसाहेबांना खोली मागितली तेव्हा ते मोठ्यानं हसले होते. "मास्टरजी, हमारा जुमा और तुम्हारा संडे एकही दिन? चलो, बिजलीवालों ने इतना तो अच्छा काम किया!"

आता याकोबभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय यातला एकही किस्सा उभा राहत नाही. याकोबभाऊ इथलेच, जवळच्या वडपे गावचे. लूम चालवायचे. मन इतकं साधं की जो बोलेल त्याचं खरं. रस्त्यावर दंतमंजन विकणारा भेटला तरी शेवटपर्यंत उभं राहून ऐकणार आणि मान डोलवणार. त्यांची बायको रत्ना म्हणायची, "आमच्या ह्यांचे कान म्हंजी धर्मशाळा हाय. कोनीबी यावं, पथारी टाकावी!"

एरवी आम्ही यावर हसलो असतो. पण त्या वर्षी याकोबभाऊंना टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रत्नाला समोर बसवून बजावलं, "औषध दीड वर्ष चालेल. मधेच बरं वाटायला लागेल, तेव्हाच लोक सोडतात आणि तेव्हाच जातात." रत्नानं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं बांधून ठेवलं. आणि नेमके त्याच काळात आमच्या मंडळीत एकामागून एक उपदेशक यायला लागले! कुणी ओळखीनं, कुणी बिनओळखीनं. लहान मंडळी, स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही, इमारत नाही, म्हणजे मोकळं रान.

मास्तरांचा यावर एक रिवाज होता. बाहेरून येणारा उपदेशक लॉजवर उतरणार नाही. कुणाच्या तरी घरी राहील, घरचं खाईल. मास्तर म्हणायचे, "शास्त्र उघडून बघायचं आणि माणूस घरात ठेवून बघायचं. बोलताना माणूस तासभर चांगला राहतो. मोरीत पाणी संपल्यावर कसा राहतो ते महत्त्वाचं." म्हणून नवा उपदेशक आला की आम्ही बायका एकमेकींना आधी हेच विचारायचो, "कुणाकडे उतरलेत?"

आणि रत्ना प्रत्येकाला, तो जिथं उतरेल तिथल्या दारातच गाठायची. पाण्याचा तांब्या हातात, पण तो पुढे करायच्या आधी तिचा सवाल ठरलेला. "ब्रदर, आजारी मानसानी गोळ्या खाव्या का न्हाय?"

*

पहिले आले ते शनिवारवाले. आमच्याकडे उतरले. त्यांचं म्हणणं असं की शुक्रवारची उपासना देवापर्यंत पोचतच नाही. देवाचा दिवस शनिवार. त्या दिवशी काडी हलवायची नाही. आणि जो त्यांच्या पंथात येणार नाही, त्याचं तारण नाही!

याकोबभाऊंचा चेहरा उतरला. "मंग आमच्या आजवरच्या प्रार्थना गेल्या कुठं?"

मास्तरांनी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, काढून दाखवलं की दिवस पाळल्यानं तारण होत नाही, ते ख्रिस्तानं कृपेनं दिलंय. शनिवारी प्रार्थना करायची तर आनंदानं करा, पण दुसऱ्याला नरकात ढकलू नका. ब्रदर ऐकेनात. रत्नानं मधेच आपला दारातला सवाल पुन्हा टाकला. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "गोळी गिळणं चालेल. शनिवारी दवाखान्यातून आणणं हे काम झालं."

शनिवार उजाडला. सकाळी ब्रदरनी मला गरम पाणी मागितलं. मी म्हटलं, "आज काम करायचं नाही ना?"

"नाही, ताई. कुणीच नाही."

"बरं झालं," म्हटलं आणि मी पाय पसरून बसले! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. स्टोव्ह बंद, चहा नाही, भाकरी नाही. दानियल शेजाऱ्यांकडे चहा पिऊन आले. ब्रदर आधी स्तोत्र गात होते, मग नुसते गुणगुणायला लागले. दुपार टळली तसे ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले, रिकाम्या स्टोव्हकडे बघितलं आणि अतिशय मायेनं म्हणाले, "ताई, स्वयंपाक हे काम नव्हे हं. स्वयंपाक हे प्रेम आहे!"

*

त्यांच्यानंतर आले निरोपवाले. यांना शास्त्र उघडायची गरजच पडायची नाही. प्रत्येक गोष्ट प्रभू त्यांना थेट सांगायचा. रत्नानं दारात गोळ्यांचं विचारलं तर डोळे मिटले, वर तोंड केलं, आणि म्हणाले, "प्रभू म्हणतो, खाव्या."

रत्ना खूश! तिनं तांब्या तर दिलाच, वर गुळाचा खडाही दिला.

हेही आमच्याचकडे उतरले. घरात पाऊल टाकताच म्हणाले, "प्रभूनं मला दाखवलंय, या घरात आज मटण आहे." सोबत आलेल्या याकोबभाऊंनी तिथल्या तिथं हात जोडले. अहो, मटणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता! हाजीसाहेबांचा वॉचमनसुद्धा मगाशी येऊन "भाभी, आज क्या बात है" म्हणून गेला होता, पण त्याला कुणी संदेष्टा म्हटलं नाही.

मास्तरांनी त्यांना नीट विचारलं, "तुम्ही जे ऐकता ते शास्त्राशी जुळतं की नाही, हे कसं बघता?" ते म्हणाले, "ज्याला आवाज ऐकू येतो त्याला पुस्तक कशाला?" मास्तर नुसते माझ्याकडे बघून हसले, म्हणजे अजून दोन दिवस ठेव यांना.

दोन दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना ब्रदरचा घास हातातच थांबला. डोळे मिटले. "दानियलभाऊ, प्रभू मला सांगतोय. तुमच्या हातातलं घड्याळ त्याला माझ्या सेवेसाठी हवंय."

ते घड्याळ दानियलला माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. मी वाढता वाढता थांबले. दानियल सावकाश पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "घड्याळ कुणाचं?"

"तुमचं."

"हात कुणाचा?"

"तुमचाच."

"मग निरोप तुमच्याकडे कसा गेला? प्रभूला माझा पत्ता माहीत आहे. रोज सकाळी मी त्याच्याशी बोलतो!"

*

तेलवाले फार राहिले नाहीत. एका दुपारी आले आणि दुसऱ्या दिवशी गेले. पण जाताना याकोबभाऊंच्या हातात आशीर्वादाच्या तेलाची बाटली ठेवून गेले. छातीला चोळायचं, फुप्फुसं धुऊन निघतात म्हणे! रत्नानं बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि म्हणाली, "खोबऱ्याचं तेल हाय, कापूर घातलाय." तरी याकोबभाऊ चोळत राहिले. गोळ्या चालू होत्या, म्हणून तिनंही फार ओढून धरलं नाही.

एक दिवस काय झालं, कारखान्यात त्यांचा लूम कुरकुरायला लागला. दानियल दुरुस्तीला गेले. तेलाचा डबा संपलेला आणि स्टोअरला कुलूप. याकोबभाऊंच्या पिशवीत बाटली होती. दानियलनी विचारलं, "घालू का?" याकोबभाऊंनी जरा घुटमळून हो म्हटलं. लूम लगेच गप्प!

हाजीसाहेब फेरी मारत आले. थांबले. ऐकलं. "अरे दानियल, ये लूम तो छह महीने से रो रहा था. कौन सा तेल डाला?"

दानियलनी बाटली दाखवली आणि कुणाची ते सांगितलं. हाजीसाहेबांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि याकोबभाऊंना म्हणाले, "याकूब मियाँ, तुम्हारे लिए डॉक्टर की गोली ठीक है. ये मेरे लूमों के लिए मंगवा दो!"

*

मग आलं स्कायलॅब. आठवतं ना? आकाशातून अमेरिकेचं काहीतरी तुटून पडणार, कुठं पडेल ते कुणालाच ठाऊक नाही. जो तो वर बघून चालायचा आणि नाल्यात पाय घालायचा. वडप्याला रत्नाच्या भावानं तर सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या. मरायचंच आहे तर खाऊन मरू!

त्याच आठवड्यात एक ब्रदर आले. यांनी स्कायलॅब थेट शास्त्रात शोधून काढलं होतं. बुधवारी सगळं संपणार, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मास्तर म्हणाले, "तो दिवस कुणालाही माहीत नाही, असं प्रभू स्वतः म्हणालाय." ब्रदर म्हणाले, "दिवस माहीत नाही, पण वार कुठं म्हणालाय?" मास्तरांनी कपाळाला हात लावला.

रत्नानं दारात विचारलं तेव्हा ते खदाखदा हसले होते. "बाई, जगच राहणार नाही आणि तुम्ही गोळ्यांचं काय घेऊन बसलात!"

ते वाक्य याकोबभाऊंच्या कानात पथारी टाकून बसलं. सोमवारी दवाखान्यात जाऊन पुढच्या गोळ्या आणायच्या होत्या. हे हलेनात. "बुधवारपर्यंतच्या हायेत की डबीत. उगा कशाला रांगेत उभं रायचं?" रत्ना रडत माझ्याकडे आली. "सुलूताई, आज न्हाय गेले तं पुडं जायचेच न्हाय. मी वळखते त्यांना." मला तिचं रडणं बघवेना. पण करू काय? ते ब्रदर माझ्याच घरी पलंगावर बसून जगाचा शेवट सांगत होते.

तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. कपड्यांचं गाठोडं पुढे केलं. "ताई, तेवढं धोब्याकडे टाकाल? म्हणावं, शनिवारपर्यंत पाहिजेत. रविवारी कल्याणला सभा आहे माझी."

मी गाठोडं घेतलं आणि धोब्याकडे न जाता सरळ याकोबभाऊंच्या घरी गेले. त्यांच्यासमोर ठेवलं आणि ब्रदर काय म्हणाले ते अक्षर न् अक्षर सांगितलं. याकोबभाऊंनी गाठोडं बोटानं चाचपून बघितलं.

"इस्त्रीबी सांगितली का, वैनी?"

"कडक!"

याकोबभाऊ उठले, पायात चपला सरकवल्या, भिंतीवरची पिशवी घेतली आणि दवाखान्याकडे चालू लागले. स्कायलॅब पडलं ते तिकडं लांब ऑस्ट्रेलियात. रत्नाचा भाऊ अजून कोंबड्यांसाठी हळहळतो.

*

सगळेच असे आले असं नाही हं. एक म्हातारबाबा आले होते सायकलवरून. धोतर, डोक्याला मफलर, मागे कॅरियरला शास्त्र बांधलेलं. रत्नाकडेच उतरले. तिनं दारात विचारलं तर त्यांनी उलट विचारलं, "कितीला घ्यायची असते गोळी? म्हणजे जेवण त्याआधी उरकू." जेवल्यावर स्वतःचं ताट घासलं. रत्ना नको नको म्हणत असताना तिचं पातेलंही घासलं.

शुक्रवारी उपदेशाला उभे राहिले. देवाच्या विश्वासूपणावर फार सुंदर बोलत होते. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. आणि ऐन रंगात आल्यावर मधेच थांबून म्हणाले, "याकोबा, गोळीची वेळ झाली."

सगळी खोली हसली. याकोबभाऊ लाजले. म्हातारबाबा मात्र थांबूनच राहिले. गोळी गिळून होईपर्यंत त्यांनी पुढचा शब्द काढला नाही. मग म्हणाले, "प्रभूचं नाव घ्यायला आणि गोळी गिळायला तोंड एकच लागतं. भांडण कुठं आहे?"

*

आता शेवटचे. यांना आम्ही गोड ब्रदर म्हणायचो, आणि तेव्हा ते कौतुकानं म्हणायचो.

नाताळ जवळ आला होता. याकोबभाऊंच्या अंगावर मांस धरलं होतं, खोकला गेला होता, औषधाचे थोडेच दिवस उरले होते. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली ती "बरं वाटायला लागेल" वेळ आली होती.

रत्नानं गोड ब्रदरनाही दारात विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ताई, औषध देवाचीच देणगी आहे. जरूर घ्यावं." रत्नाचा जीव भांड्यात पडला. या वेळी उपदेशक आपल्याच घरी ठेवायचे म्हणून याकोबभाऊ हटून बसले होते. पण गोड ब्रदर म्हणाले, "माझ्यामुळे तुम्हा गरिबांना त्रास कशाला? मी एस.टी. स्टँडजवळ लॉजवर उतरतो." आम्हाला काय वाटलं असेल? केवढा विचारी माणूस! मास्तरांचा रिवाज त्या एकदाच मोडला आणि कुणाला खटकलंही नाही.

ते रोज याकोबभाऊंकडे यायचे. उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसायचे. रत्ना चहा करायची तर उपास असायचा. पाणी द्यायची तर नुकतंच प्यालेले असायचे. बोलणं मात्र मधासारखं. आधी म्हणाले, औषध शरीराला, विश्वास आत्म्याला. दोन दिवसांनी म्हणाले, विश्वास वाढला की औषध आपोआप सुटतं. आणि मग एक दिवस डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "याकोबभाऊ, प्रभूनं तुम्हाला बरं केलंय. आता गोळी घेणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं!"

मास्तर धावत गेले. प्रभूचा प्रेषित पौल, त्याच्याबरोबरही वैद्य होता, हे शास्त्रातून दाखवलं. बरं करणं देवाच्या हातात आहे, पण औषध टाकून त्याची परीक्षा बघायला त्यानं सांगितलेलं नाही, हेही समजावलं. याकोबभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनीच उलट विचारलं.

"मास्तर, तुमी मना जलमभर शेवटीच ठेवनार का?"

हे कशाबद्दल ते सांगते. आमच्या प्रभुभोजनात, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्यात, प्याला एकच. मी काळ्या मनुका भिजवून, उकळून त्याचा रस करायची. प्याला हातातून हातात जायचा. जो पितो त्यानंच शेजाऱ्याला द्यायचा, आपणहून कुणी उचलायचा नाही. टीबी निघाल्यावर याकोबभाऊंनी स्वतःच सांगितलं होतं, की मी शेवटी घेईन. डॉक्टर नंतर म्हणाले, औषध चालू आहे, आता भीती नाही. आम्हीही म्हणालो. पण त्यांनी ऐकलं नाही, दर वेळी मागं जाऊन दाराशी बसायचे. शेवटचा घोट घ्यायचे आणि प्याला माझ्याकडे द्यायचे, मी तो उकळत्या पाण्यात टाकायची. ते इतकं हसून देत की त्यांना आत काय वाटतंय हे आमच्यातल्या एकालाही कळलं नाही. मास्तरांना त्यांनी तसं विचारल्याचं रत्नानं सांगितलं तेव्हा कुठं ते उमगलं.

शुक्रवार आला. घड्या घालायच्या खोलीत कापडाचे तागे भिंतीला लावून ठेवलेले, मधे टेबल, टेबलावर भाकर आणि प्याला. आणि प्याल्याशेजारी याकोबभाऊंनी आपल्या हातानं गोळ्यांची डबी आणून ठेवली. उपासना झाली की कामवारी नदीच्या पुलावरून ती पाण्यात सोडायची, असं गोड ब्रदरनी ठरवलं होतं. रत्ना माझ्याशेजारी बसली होती. गाणं सुरू झालं तरी तिचे ओठ हलत नव्हते. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि नजर त्या डबीवर. मी तिचा हात धरला.

गोड ब्रदर फार छान बोलले. खोटं कशाला सांगू? दोन बायका रडल्या. मग मास्तरांनी प्रार्थना करून प्याला उचलला, आणि तो पहिल्या रांगेला देणार एवढ्यात गोड ब्रदर पुढं झाले. त्यांनी तो मास्तरांच्या हातातून अलगद काढून घेतला. "आज इथून नाही. आज दारापासून!"

ते चालत दाराशी गेले. "याकोबभाऊ, उभे राहा. तुम्ही बरे झालात. आजपासून तुम्ही शेवटचे नाही. तुम्ही पहिले!"

याकोबभाऊ उभे राहिले. प्याला घेतला, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. गालावरून पाणी ओघळत होतं. इतक्या महिन्यांनी भरलेला प्याला त्यांच्या हातात आला होता. मीही रडत होते, आणि मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी दोन्ही हातांनी प्याला पुढं केला. जो समोर उभा होता त्याच्यापुढं.

गोड ब्रदर एक पाऊल मागं सरकले.

"मी... मी शेवटी घेईन."

याकोबभाऊंना वाटलं, ब्रदर नम्रपणानं म्हणताहेत. "घ्या ना, ब्रदर." प्याला आणखी पुढं केला. ब्रदर आणखी मागं सरकले आणि पाठ ताग्यांना टेकली. खिशातून रुमाल निघाला, नाकाशी गेला. "आज माझा उपास आहे, भाऊ. तुम्ही पुढं द्या. पुढं द्या ना!"

बाहेर कुठंतरी जुम्याच्या नमाजाला निघालेल्या लोकांच्या चपला वाजत होत्या. याकोबभाऊ त्या रुमालाकडे बघत होते. चालत्या लूमवर धागा तुटला की ते लूम थांबवायचे आणि वाकून बघायचे, कुठं तुटलाय. तसेच बघत होते. रागावलेले अजिबात दिसत नव्हते.

मग ते टेबलापाशी चालत आले. एका हातात प्याला तसाच धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं डबी उघडली. त्या दिवसाच्या गोळ्या जिभेवर ठेवल्या. आणि प्याला तोंडाला लावून, शेवटच्या थेंबापर्यंत, सगळा रस प्यायले.

रत्नाच्या तोंडातून पदराचा बोळा खाली पडला.

याकोबभाऊंनी तोंड पुसलं, डबी खिशात टाकली आणि मागं वळून म्हणाले, "शेवटची जागा माझी हाय, ब्रदर."

आणि रिकामा प्याला मास्तरांच्या हातात दिला.

"मास्तर, धुऊन भरा. ब्रदरना पयला द्या."